कुंभार्ली घाटाचीं वळणें आणि संभाव्यतेचें गणित

महाराष्ट्राच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांनीं गडकोटांचा जितका कसून विचार केला, तितका त्या गडकोटांना जोडणाऱ्या वाटांचा केला नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख वाचणारे पुष्कळ निघाले. परंतु ज्या वाटेवर तो कोरला आहे तिचा चढ किती, वळणें कोठें व कां, पावसाळ्यांत ती कितपत चालती असे, हें पाहणारे विरळा. कागद बोलतो आणि वाट मुकी असते, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आमच्या मतें वाट हाहि एक लेखच आहे. तिचा चढ, वळणाची त्रिज्या, कठड्याची जागा, हीं तिचीं अक्षरें होत. आणि बखरींतील फौजेचा आंकडा आपण जसा पारखून घेतों, तसेच हे अंकहि पारखून घेतले पाहिजेत. हा आंकडा कोणीं लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, आणि त्यांत चुकीस वाव किती, हे तीन प्रश्न रस्त्याच्या अंकांनाहि लागू पडतात. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें साधन गेल्या अर्धशतकांत तयार झालें आहे. त्याची ओळख करून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्ही चिपळूण तालुक्यांतील अलोरे गांवाच्या परिसरांतून जाणारा व पोफळीवरून कुंभार्ली घाट चढणारा चिपळूण-कऱ्हाड रस्ता घेतों. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस आणून त्यावर वीज उत्पन्न करण्याच्या प्रकल्पामुळें पोफळी, अलोरे व कोळकेवाडी हीं नांवें आज सर्वांच्या ओळखीचीं झालीं आहेत. वाट मात्र या प्रकल्पाहून पुष्कळ जुनी. दाभोळची खाडी, चिपळूणचें गोवळकोट बंदर आणि घाटमाथ्यावरील पाटण-कऱ्हाड यांच्यामधील मालाची ने-आण या बाजूच्या घाटवाटांनींच होत असे.

पाठाळ बैलांच्या तांड्यास रुंदी लागत नसे. एकामागें एक बैल जाईल एवढी पाऊलवाट, मध्यंतरीं पाणी आणि उतरावयास माळ, एवढ्यावर वंजाऱ्याचें काम भागे. घाटाच्या तोंडाशीं जकातीचें नाकें असे व तिचा हिशेब ठेवणाऱ्या घाटपांड्याचें नांव आडनांवाच्या रूपानें अद्यापि टिकून आहे. त्या काळीं वाट सुगम असावी हा सार्वत्रिक आग्रहहि नव्हता. उलट गडाच्या वाटा सुगम असल्यास मोडून अवघड कराव्या, असाच उपदेश रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सांपडतो. जी वाट शत्रूच्या मनांत शंका उत्पन्न करील ती चांगली. वाटेवरील अनिश्चितता ही त्या काळची एक संरक्षक भिंतच होती, असें म्हटलें तरी चालेल.

गाडीवाट झाली आणि हें सर्व पालटलें. बोरघाटाचा गाडीरस्ता कॅप्टन ह्यूज यानें बांधला व सर जॉन माल्कम यानें १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला केला, हें प्रसिद्ध आहे. पुढें १८५४ सालीं पुण्यास अभियांत्रिकी शिक्षणाचा वर्ग निघाला व सार्वजनिक बांधकाम खात्यास लागणारी हाताखालची माणसें तेथें तयार होऊं लागलीं. कुंभार्ली घाट हा त्याच शतकांत गाडीचा घाट झाला. गाडीच्या रस्त्याचा पहिला नियामक साहेब नव्हे, बैल होय. भरलेली गाडी बैलजोडीनें न थांबतां ओढावी तर चढ वीस फुटांस एक फूट याच्या आसपास पाहिजे, हें अनुभवानें ठरलें. आश्चर्य असें कीं, डोंगरी मुलखाच्या रस्त्यास ‘एकास वीस’ हेंच प्रमाण आजच्या नियमपुस्तकांतहि सामान्य चढ म्हणून कायम आहे. बैल गेला, त्याचा अंक राहिला. जुन्या दप्तरांतून एखादी बाब वर्षानुवर्षें ‘मागील वहिवाटीप्रमाणें’ म्हणून उतरत जाते, तसाच हा प्रकार आहे.

मोटारींचा काळ आल्यावर देशभर एकच माप असावें ही गरज उत्पन्न झाली. या कामीं एका महाराष्ट्रीयाचें नांव अग्रभागीं आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें १९२८ मध्यें आपलें प्रतिवृत्त सादर केलें. त्यांतूनच १९२९ चा मध्यवर्ती रस्तेनिधि व १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस हीं निघालीं. पुढें डिसेंबर १९४३ मध्यें नागपुरास प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनीअर जमले. राष्ट्रीय महामार्गापासून गांवरस्त्यापर्यंत पांच वर्ग त्यांनीं पाडले आणि वीस वर्षांची योजना आंखली. जयकर समितीचा प्रश्न ‘पैसा कोठून यावा’ हा होता व नागपूरचा ‘रस्ते किती मैल व कोणत्या वर्गाचे’ हा होता. ‘या वळणावर गाडी किती वेळां फसेल’ हा प्रश्न दोहोंतहि मुख्य नव्हता, आणि त्या काळीं तो असणेंहि शक्य नव्हतें.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तकांत घाटरस्त्याचे अंक कसे ठरतात तें पाहूं. चालकास अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत अडीच सेकंद जातात असें धरतात. ताशीं ४० किलोमीटर वेगास चाक व रस्ता यांमधील घर्षणाचा अंक ०.३८ धरतात. अडीच सेकंदांत गाडी सुमारें २८ मीटर जाते, ब्रेक दाबल्यावर आणखी सुमारें १७ मीटर. बेरीज ४५ मीटर. म्हणजे वळणावर पुढचा ४५ मीटर रस्ता दिसला कीं नियम पुरा झाला. वळणाची त्रिज्या काढतांना वेगाच्या वर्गास १२७ नें भागतात, व त्या भागाकारास पुन्हा बाहेरच्या कडेचा उठाव आणि आडवें घर्षण यांच्या बेरजेनें भागतात. बर्फ न पडणाऱ्या डोंगरी रस्त्यास उठाव अधिकांत अधिक ०.१०, आडवें घर्षण ०.१५, तेव्हां ताशीं ४० किलोमीटर वेगास त्रिज्या ५० मीटर येते. जेथें रस्ता आपल्याच अंगावर उलटा फिरतो अशा वळणास वेग ताशीं २० किलोमीटर, आंतल्या कडेची त्रिज्या निदान १४ मीटर, आणि वळणावरील चढ चाळीसास एक याहून अधिक नको.

हे अंक निराधार नाहींत. ते सावध माणसांनीं सावधपणें घेतले आहेत; घर्षणाचा अंक तर ओल्या रस्त्याचाच धरला आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रत्येक ठिकाणीं थोडी थोडी पदरची भर घालून एक अंक लिहिला, कीं एकंदर भर किती पडली हें कोणासच कळत नाहीं. अडीच सेकंद पुष्कळांस जास्त होतात, कांहींस कमी पडतात. नियमाच्या दृष्टीनें ४५ मीटर म्हणजे पास व ४४ म्हणजे नापास. निसर्गांत अशी रेघ कोठेंच नसते.

या ठिकाणीं संभाव्यतेच्या गणिताचा थोडा पूर्वेतिहास सांगणें जरूर आहे. याकोब बर्नूलीचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मरणानंतर १७१३ सालीं छापला गेला. आपल्या वाचकांस हें साल निराळ्या कारणानें पाठ आहे. त्याच वर्षीं बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. द मॉयव्हर यानें घंटेच्या आकाराची वक्ररेषा १७३३ सालीं मांडली, तेव्हां बाजीराव जंजिऱ्याच्या मोहिमेंत गुंतला होता. या योगायोगास अर्थ कांहीं नाहीं. कालपट डोळ्यांपुढें राहावा म्हणून नोंदला इतकेंच.

नाणेंसंग्राहकांस तरी हें गणित परकें वाटूं नये. गोव्यांत जन्मलेले व फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४० च्या सुमारास ठशांच्या चांदीच्या नाण्यांचीं वजनें एकेक करून घेतलीं. एक नाणें तोलून कांहीं कळत नाहीं. परंतु शेंकडों तोललीं असतां दोन गोष्टी दिसतात: नाणें जितकें अधिक फिरलें तितकी ढिगाची सरासरी उतरते, आणि त्याचबरोबर सरासरीभोंवतींचा पसारा वाढतो. टांकसाळींतून निघतांना सर्व नाणीं जवळजवळ सारखीं. बाजारांत कोणतें किती झिजावें हें दैवाधीन. हा जो पसारा, ज्यास गणितांत प्रमाण-विचलन म्हणतात, तोच कोसंबींनीं पुरावा मानला व त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावण्याचा मार्ग दाखविला. कोल्हापुरास जन्मलेले व पुणें विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे पुढें प्रमुख झालेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं केंब्रिजमध्यें हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखालीं संभाव्यतेच्या मूलतत्त्वांवर काम केलें. जेफ्रीज हे भूकंपशास्त्राचेहि मोठे पंडित होते.

आणि भूकंपाचें नांव निघालें म्हणजे अलोऱ्याच्या परिसरांत ११ डिसेंबर १९६७ ची पहांट आठवल्यावांचून राहत नाहीं. दख्खनचा खडक अचल, तेथें मोठा भूकंप व्हावयाचा नाहीं, ही शास्त्रज्ञांचीहि समजूत होती. १९६२ व १९६६ च्या भूकंपनकाशांत हा प्रदेश अगदीं कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविला होता, आणि कोयनेच्या धरणाची आंखणी करतांना भूकंपाचा आडवा जोर धरणाच्या वजनाच्या विसाव्या भागाइतका धरला होता. प्रत्यक्ष धक्का त्याहून कितीतरी मोठा आला. त्याची तीव्रता निरनिराळ्या गणनांनीं ६.३ ते ६.५ अशी सांगतात. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. मागाहून त्यास आधारभिंती देऊन बळकट करण्यांत आलें. १९७० च्या नकाशांत हा प्रदेश एकदम चौथ्या पट्ट्यांत गेला. एक अंक वहिवाटीनें चालत आला, त्याच्या आंत किती संभाव्यता दडली आहे हें कोणीं विचारलें नाहीं, आणि खडकानें एका रात्रींत तो अंक खोडला, असा हा वृत्तांत आहे. घाटाच्या वळणाचा खडक इतक्या मोठ्यानें बोलत नाहीं. तो वर्षाला एखाददुसरी गाडी दरींत घालतो आणि त्याचें खापर चालकावर फुटतें.

इमारतींच्या शास्त्रानें मात्र हा धडा लवकर गिरविला. फ्रॉइडेन्थाल यानें १९४७ सालीं इमारतींच्या सुरक्षिततेचा विचार संभाव्यतेच्या पायावर मांडला. कॉर्नेल यानें १९६९ मध्यें व हॅसोफर आणि लिंड यांनीं १९७४ मध्यें विश्वसनीयतेचा निर्देशांक काढण्याची रीत पक्की केली. रस्त्याच्या आंखणीस ती लावून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस नेव्हिन या कॅनडांतील अभ्यासकाचें १९९० चें काम आरंभींचें समजलें जातें. आपल्याकडे काँक्रीटच्या १९७८ च्या भारतीय मानकांत, शंभर नमुन्यांपैकीं पांचांहून अधिक ज्या बळाच्या खालीं जाणार नाहींत तें बळ प्रमाण मानावें, असा नियम आला. रस्त्याच्या थरांची जाडी ठरवितांनाहि २०१२ पासून ८० व ९० टक्के विश्वसनीयतेची भाषा नियमपुस्तकांत आली आहे. म्हणजे आज घाटांतील पुलाचें काँक्रीट संभाव्यतेनें मोजलेलें, डांबराखालचा थर संभाव्यतेनें मोजलेला, आणि ज्या वळणावर माणूस मरतो तें वळण तेवढें जुन्या निश्चित अंकांवर! वेग मोजतांना शंभरांतील अठ्ठ्याण्णव गाड्या ज्याच्या आंत राहतात तो वेग आंखणीस घ्यावा, अशी एक पद्धत आहे खरी. पण ती एका अंकापुरतीच.

ही रीत जमाखर्चाच्या उपमेनें चटकन समजते. वळणावर जें अंतर दिसतें तें जमा. गाडी थांबण्यास जें अंतर लागतें तो खर्च. जुनी पद्धत जमेचा एक अंक व खर्चाचा एक अंक लिहून शिल्लक काढते. नवी पद्धत म्हणते कीं खर्च दर गाडीस निराळा आहे. तेव्हां सरासरी शिल्लक काढा, शिल्लकेचा पसारा काढा, आणि पहिलीस दुसऱ्यानें भागा. जो भागाकार येतो तो विश्वसनीयतेचा निर्देशांक. तो हातीं आला कीं द मॉयव्हरच्या वक्ररेषेवरून शिल्लक उणी निघण्याची संभाव्यता वाचतां येते.

एक हिशेब करून दाखवितों. पुढील अंक कुंभार्लीच्या कोणत्याहि वळणावर मोजलेले नाहींत; रीत समजावी म्हणून ते धरले आहेत. वीसास एक अशा उतारावर वळण आहे व ४५ मीटर रस्ता दिसतो. गाड्यांचा वेग सरासरी ताशीं ३६ किलोमीटर, पसारा ६. ब्रेक दाबण्यास लागणारा वेळ सरासरी दीड सेकंद, पसारा ०.४, उन्हाळ्यांत घर्षण ०.५५, पसारा ०.०६. सरासरी खर्च २५ मीटर येतो, त्याचा पसारा सव्वासात मीटर. निर्देशांक २.७४. शिल्लक उणी निघण्याची संभाव्यता हजारांत तीन. आतां तेंच वळण, तेच चालक, तोच वेग. फक्त आषाढ लागला व घर्षण नियमपुस्तकांतल्याप्रमाणें ०.३८ वर आलें. सरासरी खर्च ३० मीटरांवर जातो, पसारा नऊ मीटर, निर्देशांक १.६१, आणि संभाव्यता हजारांत ५४. म्हणजे सुमारें सतरा-अठरापट. पुढें श्रावण-भाद्रपदांत आंतल्या कडेची कारवी व रान माजून ४५ ऐवजीं ३५ मीटरच दिसूं लागलें, तर निर्देशांक ०.५१ व संभाव्यता हजारांत ३०० हून अधिक. नियमपुस्तकानें याच वळणास, उतार हिशेबांत धरून, ४७ मीटर मागितले असते; ‘दोन मीटर कमी’ एवढा शेरा मारून तें गप्प बसलें असतें, आणि चैत्रांत व आषाढांत त्याचा शेरा एकच असता.

या उत्तराचा अर्थ नीट घ्यावयास हवा. हजारांत ५४ म्हणजे हजारांत ५४ अपघात नव्हेत. वळणापलीकडे अडथळा असेल तरच उणी शिल्लक जीवावर येते; रस्ता मोकळा असेल तर चालकास ती कळतहि नाहीं. दुसरें, वेग व दृष्टि हीं परस्परांपासून स्वतंत्र नाहींत. कमी दिसतें म्हणून पुष्कळ जण आपोआप वेग कमी करितात, आणि घाटाची रोजची सवय असलेला चालक करीत नाहीं. हा संबंध हिशेबांत धरला नाहीं तर उत्तर फसतें. तिसरी अडचण सर्वांत कठीण. किती संभाव्यता सोसावी हें गणित सांगत नाहीं, तें माणसांनीं ठरवावें लागतें. आणि वळणांपुरतें तें आपल्या नियमपुस्तकांनीं अद्याप ठरविलेलें नाहीं.

प्राचीन वस्तूंच्या संग्राहकांनीं या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. रस्तारुंदीचा हुकूम निघाला कीं एकच माप सगळ्या घाटाला लावतात. चुन्यांत बांधलेले जुने कठडे, घडीव दगडाच्या मोऱ्या, मैलाचे दगड, सर्व एकाच झपाट्यांत जातात. ज्या वळणावर धोका आहे तेथले जातात आणि ज्यावर नाहीं तेथलेहि जातात. आम्ही कठड्यासाठीं माणूस मरूं द्यावा असें म्हणत नाहीं. पण वळणावार संभाव्यता काढली तर कोणतीं वळणें तोडल्यावांचून गत्यंतर नाहीं, कोठें नुसतें रान छाटून भागेल, कोठें खडबडीत डांबर पुरे होईल, याचा निवाडा होऊं शकतो. वरच्याच उदाहरणांत रान छाटल्यानें संभाव्यता एक-षष्ठांशावर येते. कोयता आणि दोन मैलकामगार यांच्या खर्चांत. डोंगर कापून त्रिज्या वाढविणें हेंहि निर्धोक नसतें. चिपळुणाजवळ परशुराम घाटांत महामार्गाच्या रुंदीकरणासाठीं डोंगर कापल्यावर दरडींच्या भयानें २०२२ सालीं वाहतूक वारंवार थांबवावी लागली. वळण सरळ केल्यानें एक संभाव्यता घटते व दरडीची दुसरी वाढते. दोन्ही एकाच तराजूंत घालून तोलावयाच्या तर त्या एकाच मापांत मोजलेल्या पाहिजेत. विश्वसनीयतेच्या गणिताचा खरा उपयोग आम्हांस येथें वाटतो.

या कामास जो पुरावा लागेल तो मोठ्या अंशीं कागदांतच आहे, व ते कागद आज कोणी जतन करण्यासारखे मानीत नाहीं. जुने मार्गनकाशे, मोऱ्यांच्या अनुक्रमाच्या याद्या, खात्याच्या मोजमाप-वह्या, पोलीस ठाण्यांतील अपघातांच्या नोंदी, १९४८ सालीं सुरू झालेल्या राज्य परिवहनाचे अपघातविषयक कागद, हे सर्व रद्दींत जाण्याच्या वाटेवर असतात. मोडी फर्मानाइतकीच त्यांची निगा घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. ते वाचतांना मात्र एक खबरदारी. दशमान मापें रूढ होण्यापूर्वींच्या नोंदींत जागा मैल व फर्लांग यांनीं सांगितलेली असते. मैल १६०९ मीटरांचा, फर्लांग २०१ मीटरांचा. फर्लांगापर्यंतच नोंद असेल तर जागेंत दोनशें मीटरांचा वाव राहतो, आणि घाटांत दोनशें मीटरांत दोन-तीन वळणें सहज मावतात; शिवाय पुढें किलोमीटरचे दगड बसवितांना मूळ दगड कित्येक ठिकाणीं हलले. म्हणून नुसती नोंदवही पुरत नाहीं. तिच्याबरोबरचा स्थळपंचनामा मिळवावा. कारण पंचांनीं मोरीचा अनुक्रम, जवळचा ओढा किंवा एखादें आंब्याचें झाड लिहून ठेविलेलें असतें, आणि मोरी बहुधा जागच्या जागीं असते.